पाण्यातला मणी आणि उसनी फूटपट्टी: व्यतिकरणाने सूक्ष्मकणाची जागा मोजतानाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका छोट्या प्रयोगशाळेतले आहे. माणसांची आणि संस्थेची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत, आकडे सुटसुटीत केले आहेत. निर्णय कोणत्या क्रमाने झाले आणि कुठे चुकले, ते मात्र घडले तसेच ठेवले आहे. मी त्या गटाचा भाग होते.

काम असे होते: थेंबभर द्रवाची श्यानता (वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध) मोजायची. नेहमीच्या उपकरणाला काही मिलिलिटर द्रव लागतो आणि आमच्याकडे येणारे नमुने त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकेही नसत. त्यावरचा उपाय जुना आहे. द्रवात एक सूक्ष्म मणी सोडायचा आणि तो किती थरथरतो ते पाहायचे. रॉबर्ट ब्राउनने 1827 मध्ये परागकणांतल्या बारीक कणांची ही थरथर नोंदवली आणि आइनस्टाइनने 1905 मध्ये तिचे गणित मांडले. मणी जितका लहान आणि द्रव जितका पातळ, तितके विसरण, म्हणजे मण्याचे इकडेतिकडे भरकटणे, जास्त. मण्याची त्रिज्या आणि तापमान माहीत असेल, तर विसरणांकावरून, म्हणजे या भरकटण्याच्या मापावरून, श्यानता काढता येते.

आमचे मणी पॉलिस्टायरीनचे, 1 मायक्रॉन व्यासाचे. 25 अंश सेल्सिअसच्या पाण्यात अशा मण्याचा विसरणांक सुमारे 0.49 चौरस मायक्रॉन प्रति सेकंद असायला हवा. पाण्याचे उत्तर आधीच ठाऊक असते, म्हणून पहिली चाचणी पाण्यातच घ्यायची ठरली.

जागा मोजण्यासाठी आम्ही सरळ रेषेतली होलोग्राफी निवडली. मण्यावर एकाच दिशेने प्रकाश टाकायचा. काही प्रकाश मण्यावर आदळून विखुरतो, बाकीचा सरळ पुढे जातो. हे दोन्ही कॅमेऱ्यावर एकत्र पडले की त्यांच्या व्यतिकरणातून, म्हणजे लाटा मिसळून कुठे वाढतात आणि कुठे मिटतात त्यातून, एकात एक वलये उमटतात. वलयांचे केंद्र म्हणजे मण्याची आडवी जागा. मणी फोकसच्या प्रतलापासून जितका दूर, तितकी वलये पसरट, म्हणजे वलयांमधल्या अंतरात उभी जागा दडलेली असते. एकाच सपाट चित्रातून तिन्ही दिशा मिळतात. वलये हजारो पिक्सेलवर पसरलेली असल्यामुळे केंद्र काही नॅनोमीटरपर्यंत नेमके सापडते. प्रकाशाची तरंगलांबी त्याच्या शंभरपट असली तरी. लहान कणांसाठी आणखी एक सोय आहे. तरंगलांबीपेक्षा खूप लहान कणाचा व्यास निम्मा केला, तर त्याने विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता 64 पटींनी घटते, व्यतिकरणातला त्याचा वाटा मात्र फक्त 8 पटींनी. कारण व्यतिकरणात लाटेचा आयाम (तिची उंची) मोजला जातो, आयामाचा वर्ग नाही. हे पहिल्यांदा उमगले तेव्हा मला या पद्धतीचे जे अप्रूप वाटले, ते अजून कमी झालेले नाही.

उभ्या दिशेसाठी आम्ही तक्ता वापरला. काचेला चिकटलेला एक मणी घ्यायचा, पायझो स्टेजने (विजेच्या दाबाने अगदी बारीक सरकणाऱ्या मंचाने) तो 100 नॅनोमीटरच्या पायऱ्यांनी वरखाली न्यायचा आणि प्रत्येक पायरीला दिसणारी वलये साठवायची. मग मोकळ्या मण्याची वलये या तक्त्यातल्या कोणत्या चित्राशी जुळतात ते पाहिले की उंची मिळते. हा मार्ग झटपट चालतो. पुढचा सगळा गोंधळ याच तक्त्यातून निघाला.

अडचण

पहिल्या महिन्यात लाल डायोड लेसर वापरून जवळपास चाळीस मणी मोजले, प्रत्येकी 20 सेकंद, सेकंदाला 100 फ्रेम. मणी खालच्या काचेपासून साधारण 15 मायक्रॉन उंचीवर होते. आडव्या दिशेत विसरणांक 0.48 आला आणि उभ्या दिशेत 0.61.

आडवा आकडा अपेक्षेप्रमाणेच होता. काचेची भिंत जवळ असली की द्रवाला बाजूला सरायला जागा कमी पडते आणि मणी मंदावतो. 15 मायक्रॉनवर ही घट आडव्या दिशेत सुमारे 2 टक्के, उभ्या दिशेत सुमारे 4 टक्के धरावी लागते. म्हणजे उभा आकडा 0.47 च्या आसपास हवा होता. तो त्याहून सुमारे 30 टक्के जास्त आला, आणि चाळीस मण्यांच्या सरासरीत इतका फरक योगायोगाने पडत नाही.

फरक कोणत्या बाजूला पडला होता हे इथे आकड्याहून महत्त्वाचे होते. भिंतीने मणी मंदावतो. उभ्या दिशेतच त्याचा वेग वाढवील असे काही त्या पाण्यात नव्हते. तरीही पहिल्या बैठकीत आम्ही "भिंतीचा काहीतरी परिणाम असेल" असे तासभर बोलत राहिलो.

त्याच आठवड्यात दुसरी खूण सापडली. काचेला घट्ट चिकटलेल्या मण्याची उंची मोजली, तर ती काही मिनिटांच्या लयीत 40 नॅनोमीटर वर, 40 नॅनोमीटर खाली अशी झुलत होती. चिकटलेला मणी हलणार कसा? चित्रे नीट पाहिल्यावर मण्याच्या वलयांखाली फिकट, तिरके पट्टे दिसले आणि ते सावकाश सरकत होते.

कारण लवकर लक्षात आले. लेसरचा प्रकाश लांब अंतरापर्यंत स्वतःशी ताळमेळ राखतो, म्हणून 1 मिलिमीटर जाडीच्या स्लाइडच्या दोन पृष्ठभागांवरून परतलेल्या लाटाही एकमेकींशी व्यतिकरण करतात. स्लाइडमधून जाऊन परत येण्याचा प्रकाशमार्ग सुमारे 3 मिलिमीटर, तरंगलांबी 640 नॅनोमीटर. या हिशोबाने तरंगलांबी जेमतेम 0.14 नॅनोमीटरने सरकली की एक अख्खा पट्टा पुढे जातो. साध्या डायोड लेसरची तरंगलांबी तापमानाबरोबर सरकत असते, त्यामुळे खोलीतली हवा थोडी बदलली तरी पट्टे चालू लागत. पट्टे स्थिर असते तर रिकामे चित्र घेऊन त्याने भागले की ते गेले असते. पण ते चालते होते, म्हणून काल घेतलेले रिकामे चित्र आज कामाला येत नव्हते.

विचारात घेतलेले मार्ग

समोर डोळ्यांना दिसणारा दोष होता आणि मागे एक चुकलेला आकडा. पहिल्यामुळेच दुसरे घडले असणार, असे आम्ही गृहीत धरले. पुढची सगळी चर्चा पट्टे कसे घालवायचे यावर झाली.

लेसर तसाच ठेवून त्याचे तापमान आणखी काटेकोर सांभाळणे हा एक मार्ग होता. त्याने पट्टे थांबतील, पण जाणार नाहीत. मण्यावर पडणारा आणि संदर्भाचा असे दोन वेगळे किरण वापरून त्यांना कोनात भेटवायचे, हा दुसरा. त्यात लाटेची फेज (ती आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) थेट हाती येते, पण दोन किरण दोन वाटांनी जातात आणि टेबलाचा प्रत्येक हादरा मोजमापात उतरतो. आमच्या टेबलावर ते जमण्यासारखे नव्हते. खालून येणाऱ्या परावर्तित प्रकाशाचे व्यतिकरण पाहायचे, हा तिसरा मार्ग मला फार मोहवणारा वाटला. त्यात मणी वर गेला की जाण्यायेण्याचा रस्ता दुप्पट वाढतो, म्हणून हिरव्या 532 नॅनोमीटरच्या प्रकाशात पाण्यातल्या दर 200 नॅनोमीटरला एक पूर्ण आवर्तन होते. उंचीची संवेदनशीलता विलक्षण. पण तीच त्याची गोम आहे. आमचा मणी एका फ्रेममधून पुढच्या फ्रेमपर्यंत सरासरी 100 नॅनोमीटर सरकत होता, म्हणजे थेट अर्धे आवर्तन. कितव्या आवर्तनात आहोत याचा हिशोब क्षणात हुकला असता. दुसरी तरंगलांबी जोडली की ही संदिग्धता दूर ढकलता येते, पण मग दोन कॅमेरे आले.

शेवटी एलईडी. हिरव्या एलईडीचा प्रकाश 530 नॅनोमीटरभोवती सुमारे 25 नॅनोमीटर रुंद असतो. तरंगलांबीच्या वर्गाला या रुंदीने भागले की साधारण 11 मायक्रॉन येतात, आणि त्याहून जास्त मार्गफरक असलेल्या लाटांचे व्यतिकरण पुसले जाते. स्लाइडच्या परावर्तनातला फरक 3 मिलिमीटरचा, म्हणजे ते पट्टे उमटणारच नाहीत. पण मग मण्याची वलये उमटतील का? इथे सरळ रेषेतल्या रचनेचे सौंदर्य आहे. विखुरलेली लाट आणि सरळ जाणारी लाट एकाच वाटेने जातात; 20 मायक्रॉन दूरच्या मण्यापासून 30 अंशांत निघालेल्या लाटेचा जादा मार्ग पाण्यात जेमतेम 4 मायक्रॉन भरतो. बाहेरची वलये थोडी फिकटतील, आतली शाबूत राहतील. डेनिस गॅबोरने 1948 मध्ये होलोग्राफीची कल्पना मांडली तेव्हा लेसर अस्तित्वातच नव्हता. त्याने पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश छिद्रातून सोडून काम केले होते. आम्ही त्या जुन्या वाटेवर परत आलो. निर्णय एलईडीच्या बाजूने झाला.

काय केले, आणि आकडे कसे फिरले

एलईडीपुढे 0.1 मिलिमीटरचे छिद्र बसवले. पट्टे नाहीसे झाले. चिकटलेला मणी जागच्या जागी राहू लागला. त्या दिवशी सगळ्यांना सुटल्यासारखे वाटले.

पण छिद्रातून प्रकाश इतका कमी येत होता की कॅमेऱ्याचे एक्सपोजर 1 मिलिसेकंदावरून 10 मिलिसेकंदांवर न्यावे लागले. नवे आकडे आले: उभ्या दिशेत 0.50, आडव्या दिशेत 0.32.

इथला प्रसंग मला अजून आठवतो. उभा आकडा एकदम अपेक्षेजवळ आला होता. "लेसर गेला आणि उभी दिशा सुधारली, आता आडव्या दिशेत काय बिघडले ते शोधू," असे म्हणत आम्ही दोन दिवस वलयांचे केंद्र शोधणारा प्रोग्रॅम उकरत बसलो. त्यात दोष नव्हता.

गटातल्या विद्यार्थिनीने तिसऱ्या दिवशी सरासरी वर्ग विस्थापनाचा, म्हणजे मणी जितका सरकतो त्याच्या वर्गाच्या सरासरीचा, वेळेनुसार आलेख काढला. तोवर आम्ही फक्त पहिल्या पायरीवरून, म्हणजे लगतच्या दोन फ्रेममधल्या सरकण्यावरून विसरणांक काढत होतो. आलेखातली आडव्या दिशेची रेषा सरळ होती, पण मागे वाढवली तर शून्याच्या खाली जात होती. वर्गाची सरासरी ऋण कशी असेल? तिला आधी स्वतःच्या प्रोग्रॅमचाच संशय आला.

कारण एक्सपोजरमध्ये होते. कॅमेरा उघडा असतो तेवढ्या वेळात मणी फिरतो आणि चित्रात त्याची सरासरी जागा उमटते, त्यामुळे हालचाल कमी दिसते. एक्सपोजर फ्रेमच्या अंतराइतकेच असेल, तर पहिल्या पायरीवर बरोबर एक तृतीयांश हालचाल हरवते. 0.48 चे 0.32 होतात. याउलट जागा शोधण्यातली अनिश्चितता हालचाल वाढवून दाखवते. आडव्या दिशेत ती 5 नॅनोमीटर, म्हणजे नगण्य. उभ्या दिशेत मंद प्रकाशामुळे 30 नॅनोमीटर. उभ्या दिशेचे खोटे 0.61 एक्सपोजरच्या या धूसरपणाने 0.41 पर्यंत खाली आले, अनिश्चिततेने पुन्हा 0.50 पर्यंत चढले. तीन चुका एकमेकींवर पडून जवळपास बरोबर उत्तर तयार झाले होते. आडवी दिशा सोबत मोजली नसती, तर तो आकडा आम्ही आनंदाने स्वीकारला असता.

यापुढे विसरणांक रेषेच्या चढावरून काढायचा, पहिल्या पायरीवरून नाही, हे ठरले. प्रकाशाचा प्रश्नही अनपेक्षित सोपा निघाला. छिद्र इतके लहान ठेवणे ही लेसरसोबत काम करून लागलेली सवय होती. स्रोतापासून 100 मिलिमीटरवर 0.5 मिलिमीटरचे छिद्रसुद्धा सुमारे 100 मायक्रॉन रुंदीपर्यंत ताळमेळ राखते आणि आमची वलये 40 मायक्रॉनांत संपत होती. छिद्र पाचपट रुंद केल्याने प्रकाश पंचवीसपट झाला, एक्सपोजर पुन्हा 1 मिलिसेकंदावर आले.

आणि आकडे पुन्हा 0.48 आणि 0.61.

निर्णायक वळण

सात आठवडे गेले होते. गटात दोन सूर निघाले. एक म्हणजे उभी दिशा सोडून द्या, श्यानता आडव्या दिशेवरूनही निघते. हे शास्त्रीयदृष्ट्या चूक नव्हते. दुसरा म्हणजे पाण्यात उभा आकडा बरोबर यावा असा एक गुणक ठरवा आणि सगळीकडे तोच वापरा. याला गटाच्या प्रमुख मॅडमनी ठाम नकार दिला. कारण माहीत नसलेला गुणक दुसऱ्या द्रवात तितकाच राहील याची हमी कोण देणार, हा त्यांचा प्रश्न होता. तो किती योग्य होता हे पुढे कळले.

उलगडा नव्याने आलेल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नातून झाला. तक्ता कसा बनवतात हे त्याला दाखवत असताना त्याने विचारले, "मॅडम, स्टेज एक मायक्रॉन सरकला की पाण्यातला फोकसही एकच मायक्रॉन सरकतो का?"

सरकत नाही. पाण्याच्या भांड्यातले नाणे वर उचलल्यासारखे दिसते ते याच कारणाने. आमचे ऑब्जेक्टिव्ह (सूक्ष्मदर्शकाचे नमुन्याजवळचे भिंग) तेलात बुडवून वापरायचे होते. तेल आणि काच यांचा अपवर्तनांक (प्रकाश त्यांत किती मंदावतो याचे माप) सुमारे 1.515, पाण्याचा 1.33. अक्षाजवळच्या किरणांसाठी स्टेज 1 मायक्रॉन सरकतो तेव्हा पाण्यातला फोकस सरकतो 0.88 मायक्रॉन. म्हणजे तक्त्यातली प्रत्येक पायरी 100 नॅनोमीटरची समजून आम्ही लिहिली होती, ती प्रत्यक्षात 88 ची होती. उंची 1.14 पट फुगली. विसरणांकात अंतराचा वर्ग येतो, म्हणून तो 1.29 पट फुगला. 0.61 ला 1.29 ने भागले की 0.47.

फळ्यावर हा भागाकार झाल्यावर खोलीत कोणी काही बोलले नाही. पण जुळणारा आकडा आम्हाला नुकताच एकदा फसवून गेला होता, म्हणून दोन स्वतंत्र पडताळण्या केल्या. पहिली: त्याच साठवलेल्या चित्रांवर तक्त्याऐवजी लॉरेन्झ-मी सिद्धांताचे गणित बसवले. गोलावरून प्रकाश कसा विखुरतो याचे गुस्ताव मीने 1908 मध्ये मांडलेले हे उत्तर मण्याची त्रिज्या, अपवर्तनांक आणि पाण्यातली तरंगलांबी घेऊन वलयांचा अंदाज बांधते. त्यात स्टेज कुठेच येत नाही. उभा विसरणांक 0.47 आला. दुसरी: पाण्यात बुडवायचे ऑब्जेक्टिव्ह उसने आणून तक्ता नव्याने बनवला. आता दोन्ही बाजूंना पाणी, गुणक जवळपास 1. आकडा तोच.

व्यतिकरणाच्या पद्धतीत मोजपट्टी प्रकाशाच्या तरंगलांबीत बांधलेलीच असते. वलयांमधले अंतर तिच्यावरून ठरते. आम्ही तक्ता वापरला, त्या क्षणी ती पट्टी बाजूला ठेवून स्टेजची पट्टी उसनी घेतली, आणि आपण काही उसने घेतले आहे हे आमच्या ध्यानातही आले नाही.

काय वेगळे करता आले असते

एलईडी आणण्याआधी पाच मिनिटांचा हिशोब पुरला असता. चिकटलेल्या मण्याचे झुलणे मिनिटांच्या लयीत 40 नॅनोमीटर होते. 10 मिलिसेकंदांत त्याचा वाटा नॅनोमीटरच्या अंशाइतकाही नाही, आणि मोकळा मणी तेवढ्या वेळात जवळपास 100 नॅनोमीटर सरकतो. म्हणजे 0.61 ला पट्टे जबाबदार असूच शकत नव्हते. एलईडी घेणे चूक ठरले नाही, दाट द्रवांत जिथे मणी सेकंदभरात कसाबसा 30 नॅनोमीटर हलतो तिथे त्या झुलण्याने सगळे बुडवले असते. पण आम्ही ती घेतली ती चुकीच्या दुखण्यावरचे औषध म्हणून.

कच्च्या चित्रांबद्दल मला सर्वांत जास्त हळहळ वाटते. एक मेगापिक्सेलची चित्रे, सेकंदाला 100, म्हणजे सेकंदाला 100 मेगाबाइट. डिस्क भरते म्हणून पहिल्या तीन आठवड्यांत आम्ही फक्त काढलेल्या जागा ठेवल्या आणि चित्रे पुसली. त्या मण्यांवर पुन्हा गणित बसवण्याची सोय आम्हीच बंद केली. मण्याभोवतीचा 400 बाय 400 पिक्सेलचा चौकोन कापून ठेवला असता, तर एका मण्याचे 320 मेगाबाइट झाले असते आणि दोनशे मणी 64 गिगाबाइटांत मावले असते.

गुणक लगेच ठरवून टाकायचा की नाही, यावर आमच्यात आजही एकमत नाही. एका सहकाऱ्याचे म्हणणे, की पाण्यात बसवलेला 0.77 (म्हणजे 1 भागिले 1.29) शेवटी बरोबरच निघाला, मग सात आठवडे कशाला घालवले? माझे उत्तर पुढच्या परिच्छेदातल्या आकड्यांत आहे.

निष्पत्ती

पाण्यानंतरचा पहिला नमुना ग्लिसरॉल आणि पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण होते. त्याचा अपवर्तनांक सुमारे 1.40, म्हणून फोकसचा गुणक 0.92 आणि विसरणांकाचा 0.85. पाण्यातला 0.77 तिथे लावला असता, तर उभी दिशा 10 टक्के कमी दिसली असती आणि आम्ही भिंतीला दोष देऊन मोकळे झालो असतो.

आता प्रत्येक द्रवाचा अपवर्तनांक आधी मोजला जातो. लॉरेन्झ-मीचे गणित प्रत्येक चित्रावर चालवायला फार वेळ लागतो, म्हणून रोजच्या कामाला तक्ताच वापरतो, पण दर शंभरावे चित्र पूर्ण गणिताने तपासतो. दोन्ही उंच्यांत फरक दिसला की त्या मण्याची सगळी नोंद बाजूला काढतो. दर सकाळी पहिली दहा मिनिटे चिकटलेल्या मण्याला दिली जातात. पाण्यातले आकडे गेली कित्येक मोजमापे 0.48 आणि 0.47 वर टिकून आहेत.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. दोन मणी 10 मायक्रॉनपेक्षा जवळ आले की त्यांची वलये एकमेकांत मिसळतात आणि तक्ता दोघांनाही चुकीची उंची देतो. सध्या असे तुकडे आम्ही वगळतो, आणि तो नवा विद्यार्थी दोन मण्यांचे गणित एकत्र बसवायच्या मागे लागला आहे.